बाणभट्टाची चौसष्ट घरे

चैत्र-वैशाखाच्या दिवसांत नांदेडसारख्या गावी संध्याकाळी व्याख्यानाला येणे ही साधी गोष्ट नव्हे. दिवसभर तापलेले अंगण अजून निवालेले नसते आणि गोदावरीवरून वारा येईल या आशेवरच पहिला अर्धा तास काढावा लागतो. तरीही जो श्रोता येतो, तो काही तरी गाठीला बांधून नेण्यासाठी येतो. म्हणून आम्ही आज फार मोठा विषय न घेता दोन घरगुती शब्द घेतो. एक ‘कादंबरी’ आणि दुसरा ‘बुद्धिबळ’. पहिल्याशी आपली ओळख वाचनालयात होते, दुसऱ्याशी ओट्यावर. या दोहोंचा एकमेकांशी संबंध काय, असे विचारले तर दोन्हींत वेळ बरा जातो, एवढेच उत्तर बहुतेकजण देतील. आमचे म्हणणे असे की, हा संबंध तेराशे-चौदाशे वर्षांचा आहे आणि तो एकाच लेखकाच्या लेखणीतून उतरलेला आहे. ज्याच्या ग्रंथाच्या नावावरून मराठीने आपल्या कथाप्रकाराचे नाव घेतले, त्याच लेखकाने बुद्धिबळाच्या सर्वांत जुन्या उल्लेखांपैकी एक आपल्यासाठी ठेवला आहे. हा लेखक म्हणजे बाणभट्ट.

बाणाचे नाव संस्कृत पंडितांच्या बैठकीत आदराने घेतले जाते. पण त्याचे चरित्र ऐकले तर तो पंडितापेक्षा कादंबरीकारच अधिक वाटतो. शोण नदीच्या काठी प्रीतिकूट नावाच्या गावी त्याचे घराणे राहत होते. आई लहानपणीच गेली, चौदाव्या वर्षी वडील गेले. घरी विद्या होती, पैसा होता, पण धाक घालणारे कोणी उरले नाही. मग हा मुलगा मित्रांचा मेळावा जमवून देशोदेशी हिंडू लागला. त्या मित्रांची यादी त्याने स्वतःच दिली आहे. तीत चाळीसहून अधिक माणसे आहेत. कवी आहेत, चित्रकार आहेत, सोनार आहे, सापाचे विष उतरवणारा आहे, नाचणारे-गाणारे आहेत आणि फासे टाकणारा एक खेळियाही आहे. आजच्या भाषेत बोलायचे तर सगळा समाज त्याने उंबऱ्याबाहेर उभे राहून पाहिला. पुढे तो सम्राट हर्षाच्या भेटीस गेला तेव्हा राजाने पहिल्यांदा त्याचे स्वागत केले नाही. हा उनाड माणूस आहे, असा शेरा सर्वांसमक्ष मारला. बाणाने आपली बाजू मांडली, काही दिवसांनी राजाची मर्जी बसली आणि त्यातून ‘हर्षचरित’ हा ग्रंथ जन्मास आला. हर्षाचा काळ इ. स. ६०६ ते ६४७. तेव्हा ग्रंथ सातव्या शतकाच्या पूर्वार्धातला, हे ठरवायला अडचण नाही.

या ग्रंथाच्या दुसऱ्या उच्छ्वासात हर्षाच्या राज्याचे वर्णन येते. तेथे बाणाने परिसंख्या नावाचा अलंकार वापरला आहे. या अलंकाराची युक्ती सोपी आहे. ज्या वाईट गोष्टी इतर राज्यांत माणसांच्या वाट्याला येतात, त्या या राज्यात केवळ शब्दांत, छंदांत, खेळांत आणि पशुपक्ष्यांत उरल्या आहेत, असे दोन अर्थांचे शब्द योजून सांगायचे. या मालिकेत बाण एक जोडशब्द वापरतो, ‘चतुरंगकल्पना’. राज्यात ती कोठेही होत नाही, होते ती फक्त अष्टापदांवर, असा त्याचा आशय आहे.

आता या शब्दाची फोड करून पाहावी. ‘चतुरंग’ म्हणजे चार अंगे. माणसाची चार अंगे म्हणजे दोन हात व दोन पाय. सैन्याची चार अंगे म्हणजे हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ. ‘कल्पना’ या संस्कृत शब्दाचा एक अर्थ कापणे, दुसरा अर्थ रचणे. म्हणजे हर्षाच्या राज्यात हातपाय तोडण्याची शिक्षा कोणाला होत नाही. चार अंगांची जी काही ‘कल्पना’ होते, ती पटावर सैन्य मांडण्याची. अष्टापद म्हणजे आठ आठ घरांच्या आठ ओळींचा पट. बुद्धाच्या काळच्या म्हणून सांगितलेल्या खेळांच्या जुन्या बौद्ध यादीत अष्टापदाचे नाव आहे. तेव्हा पट जुना होता आणि त्यावर दुसरे खेळ खेळत असत. बाणाच्या वाक्यात मात्र त्या जुन्या पटावर चार अंगांचे सैन्य येऊन उभे राहिले आहे. चौसष्ट घरे आणि चतुरंग सैन्य एकत्र आले, की ते बुद्धिबळ नव्हे तर काय? या विषयाचा अभ्यास करणाऱ्या बहुतेक विद्वानांनी हा उल्लेख बुद्धिबळाचाच मानला आहे. हेरल्ड मरे या इंग्रज संशोधकाने १९१३ साली बुद्धिबळाचा प्रचंड इतिहास प्रसिद्ध केला, त्यातही बाणाच्या या शब्दाला मानाची जागा आहे.

येथे श्रोत्यांपैकी कोणी म्हणेल की, एका कवीच्या कोटीवर इतिहास उभा करणे धोक्याचे नाही काय? ही शंका रास्त आहे, आणि आमच्या मते आजच्या विषयाचे मर्म या शंकेतच आहे. बाण हा राजाश्रित लेखक. राजाच्या स्तुतीत तो काय सांगतो, त्यावर विसंबू नये, हे उघड आहे. परंतु कोटी करणाऱ्याला एक अट पाळावी लागते: ऐकणाऱ्याला दोन्ही अर्थ आधीपासून ठाऊक असले पाहिजेत. ज्या खेळाचे नाव सभेत कोणी ऐकलेले नाही, त्या खेळावर कोटी केली तर कोणी हसणार नाही. बाणाने चतुरंगाचे नियम सांगितले नाहीत, पटाचे वर्णन केले नाही, कोणी हा खेळ शोधून काढला तेही सांगितले नाही. त्याने फक्त एक शब्द टाकला आणि पुढे गेला. म्हणजेच हर्षाच्या दरबारात हा खेळ त्या वेळी इतका परिचित होता, की समजावून सांगण्याची गरज नव्हती. लेखक जे ठासून सांगतो ते तपासून घ्यावे. जे सहज गृहीत धरतो त्यावर अधिक विश्वास ठेवावा. हा नियम आम्ही आज आपल्या गाठीला बांधू इच्छितो.

नियम दुहेरी आहे, म्हणून त्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. सुबंधु या दुसऱ्या गद्यकाराच्या ‘वासवदत्ता’ ग्रंथात पावसाळ्याचे एक चित्र आहे. शेताच्या वाफ्यांतून उड्या मारणारे हिरवे-पिवळे बेडूक हे जणू पटावरच्या घरांतून फिरणाऱ्या सोंगट्या, अशी ती उपमा आहे. चित्र मनोहर आहे. काहींनी त्यात बुद्धिबळ पाहिले. परंतु येथे चतुरंगाचे नाव नाही, चौसष्ट घरांची खूण नाही. पट आणि दोन रंगांच्या सोंगट्या तर इतर खेळांतही असतात. म्हणून हा दाखला बाणाच्या दाखल्याइतका पक्का धरता येत नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी आपल्या ‘संस्कृत कविपंचका’त बाण आणि सुबंधु या दोघांवरही निबंध लिहून मराठी वाचकांना त्यांची ओळख करून दिली होती. त्या दोघांना जवळ ठेवून वाचले, की पुरावा कोठे थांबतो आणि हौस कोठे सुरू होते, हे चांगले कळते.

आता बाणाने जे ठासून सांगितले, त्याचे काय झाले ते पाहू. हर्षाच्या राज्यात चतुरंग केवळ पटावर होते, हे खरे काय? याला उत्तर द्यायला दक्षिणेतूनच साक्षीदार उभे राहतात. बदामीच्या चालुक्य पुलकेशी दुसरा याने दक्षिणेकडे येऊ पाहणाऱ्या हर्षाला अडवले. ऐहोळे येथील इ. स. ६३४ च्या शिलालेखात रविकीर्ती या कवीने ही हकीकत कोरून ठेवली आहे. गंमत अशी की, तोही कोटीच करतो. युद्धात हत्ती पडलेले पाहून हर्षाचा हर्ष गळून गेला, असा त्याच्या श्लोकाचा भाव. एका राजाचा कवी म्हणतो की आमच्याकडे युद्ध पटावरच असते. दुसऱ्या राजाचा कवी म्हणतो की तुमचे हत्ती आमच्या रणात पडले. त्यानंतर काही वर्षांनी चिनी प्रवासी ह्यूएनत्संग महाराष्ट्रात येऊन गेला. येथले लोक मानी व लढवय्ये आहेत, लढाईपूर्वी हत्तींना मद्य पाजून बेफाम करतात आणि हर्षाला हा देश जिंकता आला नाही, असे त्याने लिहून ठेवले. त्याला पुलकेशीकडून काही मिळवायचे नव्हते, आणि हर्षाने तर त्याचा मोठा सन्मान केला होता. म्हणून त्याच्या साक्षीला वजन अधिक.

परंतु सर्वांत मोठा साक्षीदार बाण स्वतःच आहे. त्याच ‘हर्षचरिता’च्या सातव्या उच्छ्वासात हर्षाचे सैन्य कूच करते. हत्ती, घोडे, सामानाचे बैल, नोकरचाकर, दासी, तंबू, भांडीकुंडी यांचा तो लोंढा बाणाने इतक्या बारकाईने रंगवला आहे, की धूळ आपल्या डोळ्यांत जाते. आणि त्या धुळीत रस्त्याच्या कडेला गावकरी उभे आहेत. कोणी भेटी घेऊन आले आहेत, कोणी गाऱ्हाणी घेऊन. ज्यांचे पिकलेले शेत लष्कराने लुटले, ते कुटुंबासह बाहेर येऊन राजाच्या नावाने बोटे मोडत आहेत. दुसऱ्या उच्छ्वासातला स्तुतिपाठक येथे नाहीसा झाला आहे. मित्रांच्या मेळाव्याबरोबर देश हिंडलेला उनाड मुलगा परत आला आहे. चतुरंग पटावर नव्हते, ते कुणब्याच्या उभ्या पिकातून चालले होते, हे आपल्याला बाणानेच सांगितले. आम्ही त्याला कादंबरीकार म्हणतो तो याचसाठी.

खेळाची पुढची वाटचाल सर्वश्रुत आहे. ती थोडक्यात सांगतो. चतुरंग इराणात गेला, तेथे त्याचे ‘चतरंग’ झाले, अरबांनी त्याचे ‘शतरंज’ केले. इराणात राजाला शाह म्हणत, म्हणून राजावर हल्ला झाला की त्याला ‘शह’ म्हणू लागले. राजा हतबल झाला की ‘मात’. पुढे मुसलमानी अमदानीत हे शब्द या देशात आले आणि आपल्या पटावर मुक्कामाला राहिले. रथ पटावरून गेला आणि उंट आला. मंत्र्याला वजीर म्हणू लागले; ज्या गावात वजिराबाद नावाची पेठ आहे त्या गावाला हे नाव परके वाटण्याचे कारण नाही. प्यादे, शह, काटशह, मात हे सारे शब्द आज राजकारणाच्या बातम्यांत रोज छापले जातात आणि ते बाहेरून आले होते, याची कोणाला आठवणही राहत नाही. नाव मात्र मराठीने स्वतःचे ठेवले, ‘बुद्धिबळ’. चाली रीतींतही देशी वळण राहिले. परदेशी नियम सर्वत्र रूढ होण्यापूर्वी आपल्याकडे प्यादे पहिल्या चालीतही एकच घर चाले, किल्लेकोट करण्याची सोय नव्हती. त्याऐवजी राजाला शह बसला नसेल तोवर एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारता येई. जुन्या पिढीतील कोणी अजूनही या रीतीने खेळत असतील तर त्यांच्याकडून ती शिकून घ्यावी, अशी आमची तरुण श्रोत्यांना विनंती आहे.

या वाटचालीत आपल्या मुलखाचा वाटा काय, असा प्रश्न मराठवाड्यातील श्रोत्याने विचारलाच पाहिजे. त्याची दोन उत्तरे आहेत. पहिले उत्तर निलंगा-उमरग्याच्या सीमेपलीकडील कल्याणीत आहे. आजचे बसवकल्याण ही उत्तरकालीन चालुक्यांची राजधानी होती. देगलूर तालुक्यातील होट्टलची देवळे पाहिली की त्या राज्याचा हात आपल्या जिल्ह्यात कसा पोहोचला होता, ते कळते. या घराण्यातील सोमेश्वर तिसरा या राजाने इ. स. ११३० च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ सिद्ध केला. पाच भाग, प्रत्येकात वीस विषय, असा हा राजाच्या जीवनाचा कोश आहे. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, ही आपल्या ओवीची जुनी नोंद याच ग्रंथात आहे. आणि खेळांच्या पाचव्या भागात बुद्धिबळाचे वर्णनही आहे. श्रीगोंदेकरांनी संपादिलेला हा ग्रंथ बडोद्याच्या ग्रंथमालेतून तीन खंडांत निघाला आणि त्याचा शेवटचा खंड १९६१ साली बाहेर पडला. मरेच्या १९१३ च्या इतिहासाच्या वेळी तो छापून आलेला नव्हता, हे लक्षात ठेवावे. आपल्या शेजारच्या राजधानीत लिहिलेला दाखला आपल्यालाच उशिरा दिसला.

दुसरे उत्तर पैठणचे. पैठणचे रामेश्वरभट्ट सोळाव्या शतकात काशीला जाऊन राहिले. त्यांच्या वंशात नीलकंठभट्ट झाले. सतराव्या शतकात त्यांनी ‘भगवंतभास्कर’ हा बारा मयूखांचा धर्मशास्त्रावरील ग्रंथ लिहिला आणि त्यातील ‘नीतिमयूखा’त राजनीतीबरोबर बुद्धिबळालाही जागा दिली. १६७४ साली शिवाजीमहाराजांना राज्याभिषेक करणारे गागाभट्ट याच घराण्याचे. आणि योगायोग पाहा: नीलकंठाच्या ‘व्यवहारमयूखा’ची चिकित्सक आवृत्ती काढणारे महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनीच बाणाच्या ‘हर्षचरित’ व ‘कादंबरी’ यांवर टिपा लिहून ते ग्रंथ विद्यार्थ्यांच्या हाती दिले. धर्मशास्त्र, कथा आणि खेळ ही तीन दालने आपण वेगळी समजतो. ज्ञानी माणसाच्या घरात त्यांचे दरवाजे एकमेकांत उघडतात.

आता ‘कादंबरी’कडे वळू. बाणाचा हा दुसरा ग्रंथ पुरा होण्यापूर्वीच तो वारला आणि त्याच्या मुलाने तो शेवटास नेला. कादंबरी हे त्यातल्या नायिकेचे नाव. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी वाचनातून नवा गद्य कथाप्रकार आपल्याकडे आला. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ चे, हळब्यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची, गुंजीकरांचे ‘मोचनगड’ १८७१ चे. या प्रकाराला बंगाल्यांनी व हिंदी लेखकांनी ‘उपन्यास’ म्हटले, गुजरात्यांनी ‘नवलकथा’ म्हटले. मराठीने व कानडीने मात्र बाणाच्या नायिकेचे नाव उचलले. एका मुलीचे नाव सबंध साहित्यप्रकाराला मिळाले, असे भाग्य जगात थोड्याच नायिकांना लाभले असेल.

या नावाबरोबर एक जबाबदारीही आली, ती आपण विसरतो. मोचनगडापासून आजपर्यंत मराठी माणसाने आपला इतिहास पुष्कळसा कादंबरीतून वाचला. त्यात वाईट काही नाही. इतिहासाची साधने जमवण्यात आयुष्य घालवणाऱ्या राजवाड्यांनाही १९०२ साली ‘कादंबरी’ या विषयावर स्वतंत्र निबंध लिहावासा वाटला. पण कादंबरीत एखाद्या सरदाराने उच्चारलेले वाक्य कोणी सभेत दाखला म्हणून फेकतो, त्यावरून भांडणे होतात, घराण्यांची अब्रू मोजली जाते, तेव्हा बाणाचे उदाहरण डोळ्यांपुढे आणावे. कादंबरीकार नायकाविषयी जे ठासून सांगतो, ते त्याचे मत असते किंवा त्याच्या आश्रयदात्याचे. मात्र लिहिताना तो आपल्या स्वतःच्या काळातील घरे, दागिने, खेळ, शिव्या, भीती यांचे जे नकळत लिहून जातो, तो खरा ऐवज. ‘मोचनगड’ शिवकालाविषयी किती खरे सांगते याचा निर्णय कागदपत्रांनी द्यावा. पण १८७१ च्या मराठी माणसाला शिवकालाकडून काय हवे होते, हे त्या कादंबरीइतके दुसरे कोण सांगेल?

बाणाची कोटी उलटी फिरवून दाखवणारा कादंबरीकार आपल्याच देशात पुढे झाला. प्रेमचंदांनी १९२४ साली ‘शतरंज के खिलाडी’ ही गोष्ट लिहिली. वाजिद अली शाहाचे लखनौ. इंग्रज १८५६ साली अवध गिळतात आणि दोन जहागीरदार मित्र बुद्धिबळ खेळत राहतात. राज्य गेले त्याचे दुःख नाही. पण पटावरच्या राजासाठी तलवारी उपसून दोघे एकमेकांना ठार करतात. चतुरंग फक्त पटावर उरले, हेच बाणही सांगत होता. त्याच्या लेखी ती राजाची स्तुती होती. प्रेमचंदांच्या लेखी तेच राज्याचे मरण ठरले.

शेवटी एकच गोष्ट सांगून आम्ही थांबतो. ‘कादंबरी’च्या आरंभी शूद्रक राजाच्या वर्णनात बाणाने हीच युक्ती पुन्हा केली आहे. त्या राज्यात ओस घरे होती, पण ती केवळ खेळाच्या पटावर, असे तो सुचवतो. पटावरच्या चौकोनाला तेव्हाही घरच म्हणत, आजही आपण घरच म्हणतो. ही कोटी वाचताना आम्हाला आपला मुलूख आठवतो. दसरा-दिवाळी उलटली, की मुखेड-कंधार-लोह्याकडच्या वाड्यातांड्यांवरून ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबांच्या बैलगाड्या आणि ट्रक वाटेला लागतात. मागे म्हातारी माणसे राहतात, कुठे शाळकरी पोरे राहतात, आणि दारांना कुलपे. ही ओस घरे पटावरची नव्हेत. उद्या कोणी लेखक आजच्या राज्यकर्त्यांची स्तुती करताना ओस घरे फक्त बुद्धिबळात उरली असे लिहील, तर त्याची भाषा किती सुंदर आहे, हे पाहण्यापूर्वी आपण त्या कुलपांकडे पाहावे.

बाणाने दोन्ही लिहिले: राजाला आवडेल ते दुसऱ्या उच्छ्वासात, आणि कुणब्याला सोसावे लागले ते सातव्यात. ‘कल्पना’ या शब्दाचे कापणे आणि रचणे हे दोन अर्थ त्याला ठाऊक होते. मनात चित्र उभे करणे हा तिसरा अर्थ आपण मराठीत रोज वापरतो. या तिन्हींचे भान ठेवून जो वाचील, त्याला पटही कळेल आणि कादंबरीही कळेल. उन्हाळ्याच्या सुटीत घरोघरी पट निघतील तेव्हा मुलांना चाली शिकवाव्यात, आणि त्याबरोबर हेही सांगावे की, ही चौसष्ट घरे प्रथम ज्यांच्या लेखणीत दिसतात त्यांपैकी एकाने आपल्याला ‘कादंबरी’ हा शब्दही दिला.